कोंबड्यांच्या घरांतील हवा व तिचें मोजमाप

पितळी भांड्यांसाठीं भंडारा शहराचें नांव दूरवर झालेलें आहे, आणि जेथें पितळ तेथें कल्हई आलीच. कल्हईवाला रस्त्याच्या कडेस भाता फुंकीत बसला म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकजण बालपणीं त्याच्याभोंवतीं कोंडाळें करून उभे राहिलेले असतील. भांडें चांगलें तापलें कीं तो चिमूटभर पांढरी पूड आंत टाकितो, कापसाच्या बोळ्यानें कथील फिरवितो, आणि भपकन् पांढरा धूर उठून नाकास झिणझिण्या येतात. ती पूड म्हणजे नवसागर. हाच नवसागर थोड्या ओलसर चुन्याबरोबर कांचेच्या बशींत घोटून पाहिल्यास धूर दिसत नाहीं, परंतु डोळ्यांस पाणी आणणारा एक उग्र वास मात्र येतो. इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टले ह्या शास्त्रज्ञानें १७७४ च्या सुमारास नवसागर व चुना एकत्र तापवून हाच वायु पाऱ्यावर गोळा केला. त्याचें नांव अमोनिया.

विद्यार्थिमित्रहो, कल्हईवाल्यापासून आरंभ करण्याचें कारण असें कीं, हाच वायु आज आपल्या जिल्ह्यांतील कित्येक गांवीं, कल्हईशीं कांहीं एक संबंध नसतां, रात्रंदिवस तयार होत आहे. धानाच्या बांध्यांच्या कडेला लांबट, जाळीच्या भिंतींची व पत्र्याच्या छपराची कोंबड्यांची शेड आतां जागोजाग दृष्टीस पडते. एकट्या धानावर संसार भागत नाहीं, नागपूरची बाजारपेठ साठ-पासष्ट किलोमीटरांवर. म्हणून कोणी स्वतःच्या भांडवलावर, तर कोणी कंपनीशीं करार करून मांसाच्या कोंबड्या वाढवितो. करारांत पिलें, खाद्य व औषधें कंपनीचीं. शेड, पाणी, वीज व श्रम शेतकऱ्याचे. आणि मोबदला मिळतो तो तयार पक्ष्यांच्या वजनावर. सुमारें सहा आठवड्यांत एक तुकडी, जिला सारे ‘बॅच’ म्हणतात, विकून मोकळी होते. पिलें मेलीं किंवा खुरटलीं तर तितक्या दिवसांचे श्रम वायां गेले. शेडसाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेस दारांत उभा राहतोच.

शेडच्या जमिनीवर चार-सहा बोटें जाडीचा तुसाचा थर पसरितात. त्यास गादी म्हणतात. आपल्या जिल्ह्यांत भात-गिरण्या विपुल, आणि धान भरडलें म्हणजे त्याच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूस निघतें. तेव्हां गादीची सामुग्री घरचीच म्हणावयाची. तूस हलकें, कोरडें व ओलावा शोषून घेणारें आहे खरें. परंतु त्याच्या शोषण्यासहि मर्यादा आहे. कोंबडी मूत्र वेगळें टाकीत नाहीं. शरीरास नको असलेला नत्र ती यूरिक आम्लाच्या रूपानें विष्ठेबरोबरच बाहेर टाकते; विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो तो हाच. गादींतील सूक्ष्म जंतु ह्या आम्लाचें विघटन करितात आणि त्यांतून अमोनिया मोकळा होतो. जंतूंना ऊब हवी व ओल हवी. पाण्याचें भांडें गळलें, छपरांतून पाऊस ठिबकला, किंवा मागील तुकडीची जुनी गादी तशीच ठेवून तिच्यावर नवीं पिलें सोडलीं, कीं त्यांचें फावतें.

जाणता शेतकरी गादी मुठींत दाबून पाहतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी फार ओली. मुळींच न चिकटतां भुरभुरली तर फार कोरडी, म्हणजे धुळीची. किंचित् आकार धरून लगेच फुटली तर योग्य. ही परीक्षा फुकटची आहे आणि पुढें ज्या यंत्रांचें वर्णन यावयाचें आहे तीं घरांत आलीं तरी तिचा मान कमी होऊं नये.

आतां पिलाच्या शरीराकडे पाहूं. पक्ष्यांचीं फुप्फुसें आपल्यासारखीं फुगत-आकसत नाहींत. शरीरांत ठिकठिकाणीं पसरलेले नऊ वायुकोश भात्याचें काम करितात आणि हवा फुप्फुसांतून जवळजवळ एकाच दिशेनें वाहत राहते. ह्या रचनेमुळें प्राणवायु उत्तम रीतीनें शोषिला जातो. परंतु हवेंत विष असेल तर तेंहि तितक्याच उत्तम रीतीनें आंत जातें. श्वासनलिकेच्या आंतून अतिसूक्ष्म केस असतात; ते अखंड हालत राहून धूळ व जंतु वर ढकलितात. अमोनियानें हे केस लुळे पडतात, आणि मग मानमोडीसारख्या रोगांस दार उघडें होतें. (मानमोडीस ग्रंथांत राणीखेत रोग म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याकडील राणीखेत गांवीं १९२७-२८ च्या सुमारास तो आपल्या देशांत प्रथम ओळखला गेला, त्यावरून हें नांव. इंग्लंडांत त्याचेंच नांव न्यूकॅसल रोग.) वायूचें प्रमाण आणखी वाढलें तर डोळ्यांच्या बुबुळांवर व्रण पडतात. डोळे मिटून बसलेलें पिलूं खाद्याच्या भांड्यापर्यंत जात नाहीं. तें रोगानें मरण्यापूर्वीं उपाशी राहतें.

येथें एक पाहिलेली गोष्ट सांगतों. आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबांत दीड हजार पिलें होतीं. पौषाचे दिवस, रात्रीं कडाक्याची थंडी. पिलांना वारा लागूं नये म्हणून पित्यानें शेडचे पडदे चोहोंकडून खालपासून वरपर्यंत घट्ट बांधून घेतले. दररोज सकाळीं पांच-दहा पिलें मेलेलीं सांपडूं लागलीं. तो बिचारा आणखी गोणपाटें आणून फटी बुजवूं लागला. त्याची मुलगी वसतिगृहांत राहून शिकते. ती नाताळच्या सुट्टींत घरीं आली आणि पहाटे खाद्य घालण्यास शेडच्या दारांत शिरतांच तोंडावर पदर धरून बाहेर पळाली.

“बाबा, आंत तुम्हांला राहवतें तरी कसें? डोळ्यांची आग आग झाली!”

“कशाची आग, बाई? मी तर रात्रभर तेथेंच होतों. मला कांहींच वास येत नाहीं.”

पित्याचें बोलणें खोटें नव्हतें. अमोनियाच्या वासाची नाकास संवय होते. अत्तर लावणाऱ्यास आपल्या अत्तराचा वास थोड्या वेळानें येईनासा होतो, तसेंच हें आहे. जो मनुष्य दिवसाचे बारा तास शेडमध्यें वावरतो त्याचें नाक ह्या बाबतींत सर्वांत कमी विश्वासाचें; आणि निर्णय घेण्याचें काम मात्र त्याच्याकडेच. शिवाय मनुष्याचें नाक जमिनीपासून पांच फूट उंचीवर, पिलाचें नाक गादीपासून चार बोटांवर. अमोनिया हवेहून हलका आहे खरा, परंतु तो गादींतूनच निघत असल्यामुळें, पडदे बंद असतां, गादीजवळ त्याचें प्रमाण अधिक राहतें. बाप व पिलूं एकाच छपराखालीं असूनहि निरनिराळी हवा घेत होतीं.

मग किती प्रमाण झालें म्हणजे धोका समजावा? शास्त्रज्ञ असे वायु दशलक्ष भागांत किती भाग ह्या मानानें मोजितात. हें मान डोळ्यांपुढें आणावयाचें तर धानाचाच आधार घेऊं. हजार दाण्यांचें वजन सुमारें २० ते २५ ग्रॅम भरतें. म्हणजे दहा लक्ष दाणे हें वीस-पंचवीस किलोचें एक पोतें झालें. त्या पोत्यांत २५ दाणे काळे निघाले तर तें झालें दशलक्षांत २५. इतकेंसें तें काय, असें वाटेल. परंतु कोंबड्यांसाठीं साधारणतः हीच सीमा मानितात. यूरोपीय संघानें २००७ सालीं मांसाच्या कोंबड्यांविषयीं जो नियम केला, त्यांत दाट भरलेल्या शेडमध्यें पिलाच्या डोक्याच्या उंचीवर अमोनिया २० हून व कार्बन डायॉक्साइड ३,००० हून अधिक नसावा असें ठरविलें आहे. मोजावयाचें तें पिलाच्या डोक्याशीं, हा त्या नियमांतील शब्द मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आठ तास काम करणाऱ्या मनुष्यासाठींहि अमेरिकेंतील आरोग्यविषयक शिफारस २५ चीच आहे. तेव्हां प्रश्न केवळ कोंबड्यांचा नाहीं.

पूर्वीं इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत उतरणारे लोक पिंजऱ्यांत कॅनरी पक्षी घेऊन जात. ही युक्ति जे. एस. हॉल्डेन ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचविली. विषारी वायूनें पक्षी मनुष्याच्या आधीं कोसळे आणि खाणकरी बाहेर पळत. १९८६ सालीं तेथील सरकारनें पक्ष्यांऐवजीं विजेचीं उपकरणें आणण्याचें ठरविलें. कोंबड्यांच्या घरांत ह्याच्या उलट व्यवहार हवा: पक्षी कोसळण्यापूर्वीं उपकरणानें मनुष्यास हांक मारावयाची.

अशा उपकरणाचा जो भाग हवेंतील वायु ओळखतो त्यास संवेदक म्हणतात. बाजारांत ‘सेन्सर’ म्हटल्यास दुकानदारास चटकन् कळतें. ह्यांतील सर्वांत स्वस्त जातीचा जन्म जपानांत झाला. घरोघरीं जळणाचा वायु आला, तो गळून स्फोट होऊं लागले, तेव्हां नाओयोशी तागुची ह्या संशोधकानें १९६२ सालीं वायूची गळती ओळखणाऱ्या संवेदकाचा शोध नोंदविला. त्यांत काय असतें? कथिलाचें भस्म, म्हणजे कथील व प्राणवायु ह्यांचें संयुग! आमच्या कल्हईवाल्याचें कथील येथें पुन्हां भेटतें. ह्या भस्माचा अगदीं लहानसा थर आंतील तारेनें तापवून ठेवितात. तापलेल्या कणांच्या पृष्ठभागास हवेंतील प्राणवायु चिकटतो आणि त्यांतील इलेक्ट्रॉन धरून ठेवितो. त्यामुळें वीज सहज वाहत नाहीं. अमोनियासारखा वायु आला कीं तो त्या प्राणवायूशीं संयोग पावतो, धरलेले इलेक्ट्रॉन सुटतात, आणि विजेची वाट मोकळी होते. विजेला होणारा अडथळा किती कमी झाला हें मोजलें कीं वायु किती वाढला ह्याचा अंदाज आला.

असा साधा संवेदक शहरांतील विजेच्या सुट्या भागांच्या दुकानीं दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. उष्णता व हवेंतील ओलावा मोजणारा दुसरा संवेदक दोन-तीनशें रुपयांस. आणि ह्या दोहोंचे आकडे वाचून दाखविणारी, बोटाएवढ्या संगणकाची पट्टी चार-पांचशें रुपयांस. २००५ सालीं इटलींतील इव्रेया गांवीं कांहीं अध्यापकांनीं विद्यार्थ्यांना हातीं धरतां यावा म्हणून ‘अर्दुइनो’ नांवाचा स्वस्त संगणक तयार केला, तेव्हांपासून ह्या विद्येचा दरवाजा शाळकरी मुलांसहि उघडा झाला. पेटी, तारा व घंटा धरून सर्व मिळून खर्च एका खाद्याच्या पोत्याहून अधिक होऊं नये. ज्यांचें विज्ञान चांगलें आहे अशा वरच्या वर्गांतील मुलांना हें काम चार-सहा संध्याकाळीं करतां येण्यासारखें आहे. तार जोडतांना हात भाजला तर घरच्यांनीं आम्हांस दोष देऊं नये.

परंतु स्वस्त वस्तूचे दोष आधींच सांगून ठेविले पाहिजेत. हा संवेदक केवळ अमोनियाच ओळखतो असें नाहीं. शेगडीचा धूर, फवारलेलें जंतुनाशक, दारूची वाफ, हीं सर्व त्यास सारखींच हलवितात. ओलाव्याचाहि त्याच्यावर मोठा परिणाम होतो. श्रावणांतील झडींत आणि वैशाखांतील कोरड्या दुपारीं, वायु तितकाच असला तरी, आकडे निराळे येतील. म्हणूनच आर्द्रतेचा संवेदक जोडीस हवा. नवा संवेदक विकत आणल्यावर पहिले एक-दोन दिवस त्यास नुसतेंच तापत ठेवावें लागतें. तोंवर त्याचा आकडा भरंवशाचा नसतो. तुसाची धूळ त्याच्या जाळीवर बसून तो हळूहळू आंधळा होतो.

ह्यांतून मार्ग असा. पेटीवरील आकडा म्हणजे दशलक्षांतील भाग, असें समजूंच नये. दररोज एका ठरलेल्या वेळीं पेटी शेडपासून दूर, वाऱ्याच्या बाजूस, मोकळ्या हवेंत अर्धा तास ठेवून तेथील आकडा लिहावा. मग शेडमधील आकडा त्याच्याशीं ताडून पाहावा. दोहोंतील अंतर काल होतें त्याहून आज वाढलें आहे काय, एवढाच प्रश्न ह्या यंत्रास विचारावा. त्याचें उत्तर तें बऱ्यापैकीं देतें. खरें प्रमाण जाणावयाचें असेल तर अमोनियासाठीं मिळणारी परीक्षा-पट्टी शुद्ध पाण्यानें भिजवून पिलांच्या डोक्याच्या उंचीवर धरावी आणि रंग ताडून पाहावा. तांबडा लिटमस कागद ओला करून धरला तर तोहि निळा होतो. परंतु वायु आहे एवढेंच तो सांगतो, किती आहे हें नाहीं. हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळविलेला कागद नवसागर-चुन्याच्या बशीवर ओला धरून पाहा: तो तांबूस होईल आणि मोकळ्या हवेंत पुन्हां पिवळा पडेल. घरच्या प्रयोगास इतकें पुरे आहे.

ह्याहून महाग, अमोनिया बराच नेमका ओळखणारे संवेदक रासायनिक घटाच्या तत्त्वावर चालतात. त्यांची किंमत हजारांत जाते, आणि वायूंत सतत ठेविल्यास ते लवकर झिजतात. म्हणून दोन-चार गांवांनीं मिळून एक घ्यावा व मोजण्यापुरताच आंत न्यावा हें बरें. कार्बन डायॉक्साइड मोजणारा संवेदक अवरक्त किरणांच्या साहाय्यानें काम करितो आणि तो पुष्कळ विश्वासू असतो. बाहेरच्या हवेंत हा वायु दशलक्षांत सुमारें ४२० भाग आहे; शेडमध्यें तो ३,००० कडे चढूं लागला तर हवा खेळत नाहीं हें निश्चित समजावें, मग अमोनियाचा आकडा कांहींहि असो.

एक धोका मात्र नाकासहि कळत नाहीं. पहिल्या आठवड्यांत पिलांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते, आणि वीज गेली कीं शेतकरी कोळशाची शेगडी आंत नेतो. बंद जागेंत अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं; पिलांबरोबर तेथेंच निजलेला मनुष्यहि त्यानें मरतो. शेगडी वापरणारांनीं त्याचा वेगळा संवेदक ठेवावा, आणि पालकांनीं मुलांना अशा शेडमध्यें निजूं देऊं नये.

आतां मुख्य अडचण. उन्हाळ्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांस टेकतो. कोंबडीस घामाच्या ग्रंथि नसतात. ती चोंच उघडून धापा टाकीत शरीर थंड करिते. तेव्हां पडदे उघडे असतात, पंखे चालू असतात, आणि अमोनियाची चिंता नसते. चिंता हिंवाळ्याची. तेव्हां शेतकऱ्यास एका हातानें ऊब राखावयाची असते व दुसऱ्या हातानें हवा सोडावयाची असते. उष्णतामापक नजरेस पडतो, म्हणून तो उबेची बाजू घेतो. हवेचा मापक नसतो, म्हणून तिची बाजू कोणी मांडीत नाहीं. पडदा खालच्या बाजूस पक्का बांधून वरून उघडावा, म्हणजे दूषित हवा वरून निघून जाते आणि थंड झोत पिलांच्या अंगावर येत नाहीं, हें जुनें ज्ञान आहे. किती उघडावा आणि केव्हां, एवढेंच यंत्र सांगतें.

आणखी एका चुकीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. गादी ओली झाली कीं तिच्यावर चुना टाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. चुन्यानें ओल कमी होते आणि जंतूहि कांहीं मरतात, हें खरें. परंतु आरंभींची बशी आठवा: नवसागरांत चुना पडतांच अमोनिया सुटला होता. पिलें आंत असतां गादीवर चुना टाकणें म्हणजे तोच प्रयोग हजार चौरस फुटांवर करणें होय. चुना टाकावयाचा तो शेड रिकामी असतांना. मग गादी खालींवर करून वायु उडून जाऊं द्यावा. ह्याच्या उलट तुरटीच्या जातीचा क्षार, ॲल्युमिनियम सल्फेट, आम्लधर्मी असल्यामुळें अमोनिया धरून ठेवितो. अमेरिकेंत आर्कान्सा येथें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ह्याचे प्रयोग झाले आणि तेथें तो उपाय रूढहि झाला. अशा गादींत नत्र टिकून राहतो, म्हणून तिचें खतहि अधिक कसदार होतें. धानाच्या बांधींत तीच गादी शेवटीं जावयाची आहे हें लक्षांत घेतां ही गोष्ट लहान नाहीं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ जानेवारी २०२३ पासून ५,००० हून अधिक पक्षी असलेल्या शेडांनाहि संमति घ्यावी लागते. दीड-दोन हजार पिलांचा धनी त्या मर्यादेच्या पुष्कळ खालीं. त्याच्या शेडमध्यें कोणी अधिकारी नाक घेऊन येणार नाहीं. तेथें जें मोजावयाचें तें घरच्यांनींच.

वर सांगितलेल्या मुलीनें सुट्टी संपण्यापूर्वीं अशी एक पेटी आपल्या मोठ्या भावाच्या मदतीनें तयार केली. दोन रात्री तिनें दर तासास आकडा लिहिला. सायंकाळीं पडदे बांधल्यापासून तो चढत जाई आणि पहाटे चारच्या सुमारास सर्वांत वर असे. तिसऱ्या रात्रीं पित्यानें, बऱ्याच नाखुशीनें, पडदा वरून एक वीत सोडून पाहिला. ओली झालेली गादी पाण्याच्या भांड्यांभोंवतालची तेवढी काढून नवें तूस घातलें. आकडा अर्ध्यावरच थांबला. उष्णतामापक जेमतेम दोन अंश उतरला, आणि तेवढी ऊब एका जादा दिव्यानें भरून निघाली. मरणारीं पिलें त्याच दिवशीं थांबलीं नाहींत. ज्यांच्या श्वासनलिका आधींच बिघडल्या होत्या तीं आणखी आठवडाभर जात राहिलीं.

मुलगी आतां शाळेंत परत आली आहे. पेटी शेडच्या मध्यभागीं, वाऱ्याच्या झोतांत येणार नाहीं अशा ठिकाणीं, दोरीनें टांगलेली आहे. धूळ बसूं नये म्हणून तिच्यावर पातळ मलमलीचें फडकें गुंडाळलें आहे, तें दर रविवारीं झटकितात. पिलें वाढतात तशी पेटीची दोरी दर आठवड्यास दोन बोटें वर घ्यावी लागते. वहींत हल्लीं पित्याचें अक्षर दिसतें. कालच्या पानावर तारीख आहे, तीन आकडे आहेत, आणि पुढें लिहिलें आहे: “पहाटे वास आला नाहीं. तरी पडदा सोडला.”